क्रमांक उतरवताना

एकशे अठ्ठेचाळीस सुरू होतो हार्लनबर्गच्या दक्षिणेला,
जिथे मोठा हमरस्ता मान न वळवता निघून जातो
आणि हा, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा,
हळूच बाजूला उतरतो.
पहिले चार मैल काही नाही.
मका. मक्याला पाणी पाजत गोल फिरणारा
पाव मैल लांबीचा लोखंडी हात.
मग पुन्हा मका.

सत्तावीस वर्षं मी या रस्त्यावर पाट्या रोवल्या.
खड्डा साडेतीन फूट, पाटीची कड
डांबरापासून बारा फूट लांब.
नेब्रास्काचा वारा खांबाला नमस्कार करायला लावतो,
ते सरळ केले. शिकारीच्या मोसमानंतर
पाट्यांना पडलेली भोकं मोजली.
हरणाच्या पाटीला सगळ्यांत जास्त,
खऱ्या हरणावर नेम बसत नाही म्हणून असेल.

नवव्या मैलावर पूर्वेकडून बावन्न येऊन मिळतो.
तिथून सहा मैल दोघांचा रस्ता एकच,
एका खांबावर दोन क्रमांक,
वर बावन्न, खाली आपला.
ड्वेन म्हणायचा, माझा संसार असाच झाला बघ:
सहा मैल सोबत, मग चौफुली,
मग ती डावीकडे, मी सरळ.
म्हणताना हसायचा,
आणि मग पाना शोधायला
ट्रकच्या मागे फार वेळ लावायचा.

ती चौफुली. आता चारी बाजूंना थांबा.
मार्चमध्ये तिथून चारी दिशा दिसतात,
मैल मैल कोणी नसतं, तरी माणूस थांबतो.
अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टात मका डोक्यावरून गेला होता
आणि थांबा दोनच बाजूंना होता.
क्लीटस व्होंद्राचेकची हिरवी पिकअप.
उरलेल्या दोन पाट्या आम्ही
अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी लावल्या.
सिमेंट वाळायच्या आत कोणीतरी
त्यात बोटाने क्रूस काढून गेलं.
मी पुसला नाही.

आज आलेय पार टोकाला.
नोवा वेसपासून हद्दीपर्यंतचे सात मैल
राज्याने सोडून दिले.
दिवसाला चाळीस गाड्या, म्हणे,
त्यातली टपालाची दोनदा मोजलेली.
आता हा काउंटीचा, नाव के रोड.
डांबर उखडलं की खडी टाकतील,
नकाशावरची रेघ
पुढच्या आवृत्तीत बारीक होईल.

शेवटच्या खांबासमोर आल्विना कुचेराचं घर.
पाना लावला तशी ती बाहेर आली,
ओले हात एप्रनला पुसत.
'आता मुलाला पत्ता काय सांगायचा?'
के रोड, मी म्हटलं.
'त्याला के रोड कुठला माहीत?
त्याला एवढंच ठाऊक,
एकशे अठ्ठेचाळीस धरायचा,
संपेपर्यंत सोडायचा नाही.
संपला की आई.'

नट गंजले होते. दोन कापावे लागले.
क्रमांक उतरला. वरची 'समाप्त'ची पट्टी
कामाच्या कागदावर लिहायची राहिली होती.
खात्यात असं होतं.
कागदावर नाही ते मी काढत नाही.
आल्विना खांबाकडे बघत राहिली.
काय संपलं ते न सांगणारी पट्टी
आणि पुढे तिचा दरवाजा.
'पुरे तेवढं,' म्हणाली,
आणि मला विचारलं नाही, कॉफी आणून दिली.

परतताना क्रमांक शेजारच्या सीटवर पालथा.
त्याच्या पाठीला गांधीलमाशीचं घर,
राखाडी कागदाचं, मी रिकामं समजलेलं.
सोळाव्या मैलावर एक बाहेर आली.
चौफुलीपर्यंत दोघी गप्प बसलो.
तिथे थांबले, काच खाली केली.
मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं.
ती काचेच्या काठावर बसून राहिली,
मिशा पुसल्या,
आणि डावीकडे गेली,
बावन्न धरून.